राजीखुशीनं

‘मी सहमत आहे’ या बटणाला आबा अंगठा म्हणायचे. मी दुकानात कॉम्प्युटरवर काही नवीन टाकत असले की मागून त्यांचा आवाज यायचा, “अंगठा दिन्हा का?” मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “वाचं का?” आणि मी कधीच वाचलेलं नसायचं.

ते माझे घरमालक. शहाद्याहून लोणखेड्याकडे जाताना रस्त्याला लागून त्यांचं घर, आणि खाली रस्त्याच्या अंगाला एक खोली. त्या खोलीत मी नऊ वर्षं दुकान चालवलं. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, लग्नपत्रिका. मी विसरवाडीची, हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात वाढलेली. इथल्या दुपारी इतक्या मऊ असायच्या की पहिले काही महिने मला त्यात जागं राहणं कठीण गेलं. केळीच्या बागांवरून ओलसर वारा यायचा. कापसाच्या गाड्या जाऊन गेल्या की विजेच्या तारांवर, बोरीच्या काट्यांवर, दुकानाच्या पाटीवर पांढरे पुंजके अडकलेले दिसायचे. आणि दारातल्या बाकड्यावर आबा, नाकावर एकावर एक दोन चष्मे चढवून, हातात एखादा कागद. आता त्या दुपारी आठवतात त्या पाण्याच्या तळाशी पाहिल्यासारख्या; कुठली आधीची आणि कुठली नंतरची, ते हलत राहतं.

दोन चष्मे बारीक अक्षरासाठी. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, जे जे वाचायचं नसतं म्हणून बारीक छापलेलं असतं ते ते ते वाचायचे. तहसील कचेरीच्या बाहेर चाळीस वर्षं त्यांनी दस्त लिहिले होते. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, संमतिपत्र. जमीन ब्राह्मणपुरीला, ती मुलगा बघायचा. घरात ते गुजरी बोलायचे, आमच्याशी अहिराणी, आणि कागद हातात आला की तिसरीच भाषा, दस्ताची मराठी, जणू गळ्यात दुसरा माणूस बसलेला.

मला खोली देताना त्यांनी भाडेकरार स्वतः लिहिला आणि स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवला. दोन तास. प्रत्येक कलमानंतर थांबून माझ्याकडे बघायचे. “‘सदरहू करार लिहून घेणार यांनी राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाखाली न येता मान्य केला असे.’ दडपण शे का तुन्हावर?”

मी म्हटलं, “भूक लागलीय, आबा.”

“मग थांब.” ते वर गेले, जिजींकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन आले, मी खाईपर्यंत गप्प बसले आणि मग सही घेतली. भुकेल्या माणसाची सही घेऊ नये, असं त्यांचं मत होतं.

जिजी सांगायच्या, “हाऊ मानूस लगीनमा भी असाच.” लग्नात म्हणे सप्तपदीच्या वेळी प्रत्येक पावलाला त्यांनी भटजींना थांबवून अर्थ विचारला होता. चौथ्या पावलाशी भटजी चिडले. पाचव्याशी वऱ्हाडी जेवायला निघून गेले. “पन मी ऐकी लिन्हं सगळं,” जिजी म्हणायच्या, “नही तं माले कसं कळतं ह्यासनी काय काय कबूल करेल शे ते?” आणि तोंडाला पदर लावून हसायच्या.

मुलानं त्यांना नवा फोन आणून दिला तेव्हाची गोष्ट. फोन सुरू करायचा म्हणजे आधी करार. आबा आठ दिवस तो करार वाचत होते. इंग्रजी त्यांना येत होतं, कागदापुरतं. रोज दुपारी खाली यायचे आणि अडलेला शब्द मला विचारायचे. आठव्या दिवशी त्यांनी फोन बंद करून माझ्या टेबलावर ठेवला. “हाई देख. हया अटी आम्ही कधी बी बदलसूत, असं लिखेल शे. म्हंजे खालनी बाजू कोरी शे. कोऱ्या स्टॅम्पवर सही मी कोनले करू दिन्ही नही, आन मी करू?” फोन मुलाला परत गेला. आबांकडे शेवटपर्यंत बटणांचा जुना फोन होता. त्यानं त्यांच्याकडून काही कबूल करून घेतलं नव्हतं.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. वादात ते लगेच उत्तर द्यायचे नाहीत. तुम्ही एखादा मुद्दा मांडलात की खाली बघत बसायचे, मग उठून जायचे. तीन दिवसांनी, चार दिवसांनी, तुम्ही मुद्दा विसरलेला असताना, दारात येऊन एकदम मधूनच सुरुवात करायचे.

माझ्या दुकानात त्या काळी सगळंच उचललेलं होतं. पत्रिकांचा प्रोग्रॅम, मराठी अक्षरं, फोटो साफ करायचं ते. शहाद्यातल्या एका ओळखीच्याकडून डिस्क आणायची आणि टाकायची. सगळेच तसं करत. आबांना ते कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “मांगी आनेल बैल शे हाऊ. मांगी आनेल बैलले खडकाळ वावरमा जुपतस का?”

त्यांचं म्हणणं असं होतं, की सॉफ्टवेअर आपण विकत घेत नाही. देणारा वापरायला देतो, आणि वापरायला दिलेल्या वस्तूबरोबर मालकाचं सांगणं येतं. बैल देणारा म्हणतो, दुपारी जुंपू नको, दुसऱ्याला देऊ नको. आपण मान डोलावून बैल आणतो.

मी म्हटलं, “पण आबा, बैल एकच असतो. तो माझ्याकडे असला की मालकाचा गोठा रिकामा. ही तर नक्कल. त्याच्याकडचं काय कमी झालं?”

ते खाली बघत बसले आणि उठून गेले. चौथ्या दिवशी मी एकाचा जातीच्या दाखल्याचा फॉर्म भरत होते, तर दारातून आवाज आला, “गोठा रिकामा नही व्हस, हाई खरं शे. पन मी मान डोलावेल व्हती का नही?”

फॉर्मवाला माणूस माझ्याकडे बघत राहिला.

“आणि मान न बघताच डोलावली असेल तर?” मी विचारलं. “कुणीच वाचत नाही, आबा. देणाऱ्यालाही माहीत असतं कुणी वाचत नाही. मग कायद्यानं तरी ते बांधतं का?”

“कायदा?” ते म्हणाले. “कायदामा काही टिकी, काही टिकाव नही. ते वकीलले इचार. मी दुसरं इचारी ऱ्हायनू.” पण ते दुसरं काय, हे त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही.

हळूहळू मी दुकानातलं एकेक उचललेलं काढलं. काही फुकटातली चांगली मिळाली, काही विकत घेतली. आबांच्या धाकानं नाही; त्यांच्या त्या बाकड्यावर बसण्यानं. ते काही बोलायचे नाहीत, आणि ते न बोलणं माझ्या पाठीला जाणवायचं.

मग एका बाजारच्या दिवशी धडगावकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचे मास्तर दुकानात आले. बरोबर एक टॅब. त्यांच्या शाळेत रमिला नावाची मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची. ऐकू सगळं यायचं, कळायचं सगळं, पण जन्मापासून शब्द फुटला नव्हता. मास्तरांनी कुठून तरी एक प्रोग्रॅम मिळवला होता. पडद्यावर चित्रं, चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू येतो. पाणी, भाकर, दुखतंय, आई, नको. दक्षिण महाराष्ट्रातल्या कुठल्याशा गावातल्या एका माणसानं तो बनवला होता आणि शाळांना फुकट देत होता.

“मग अडचण काय?” मी विचारलं.

मास्तर म्हणाले, “आवाज.” आत एका बाईंचा आवाज होता, स्वच्छ, शुद्ध, बातम्या देणाऱ्यासारखा. रमिलानं पहिल्यांदा घरी पाण्याच्या चित्राला बोट लावलं, तेव्हा तिची आई चुलीपाशी होती. ती उठून दाराकडे बघायला गेली, कोण साहेबीण आली म्हणून. घरातले सगळे हसले. त्या दिवसापासून रमिलानं टॅबला हात लावला नव्हता. घरात सगळे पावरी बोलणारे. तो आवाज तिचा कसा होणार?

मास्तरांनी स्वतःच तोडगा काढला होता. रमिलाची चुलतबहीण ललिता, सोळा वर्षांची, तिच्या तोंडून त्यांनी सगळे शब्द पावरीत आपल्या फोनवर भरून आणले होते. आतले आवाज काढून हे घालायचे. “व्हईल का मॅडम?”

“होईल की,” मी म्हटलं, आणि मागून आबा म्हणाले, “करार दाखाड.”

दोन चष्मे चढले. चार पानांचा करार होता, इंग्रजीत. आबांनी तो मास्तरांना अहिराणीत करून ऐकवला, जसे ते पूर्वी कचेरीबाहेर दस्त ऐकवायचे. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. चित्रं आणि आवाज यांत बनवणाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कसलाही बदल करता येणार नाही.

“हाई शे,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “पत्र लिखा त्याले.”

मी मेल केली. उत्तर नाही. पुन्हा केली. आबांनी स्वतःच्या अक्षरात पत्र लिहून करारातल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलं. त्याचंही काही आलं नाही. पावसाळा सरला, भुईमूग निघाला, आणि दिवाळीच्या तोंडावर मास्तर पुन्हा आले. ते बसलेही नाहीत. दिवाळी झाली की रमिलाचं घर ऊसतोडीला गुजरातमध्ये उतरणार होतं, पाच-सहा महिन्यांसाठी. मागच्या वर्षी तिथं कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, तिच्या पोटात दुखत होतं. आईबाप दिवसभर फडात. सांगायचं कुणाला आणि कसं? दोन दिवस ती तशीच पडून होती. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

“मॅडम, फक्त एक ‘दुखतंय’ तिच्याजवळ द्या,” मास्तर म्हणाले.

आबा बाकड्यावर होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. उठले आणि ब्राह्मणपुरीला मळ्यात जातो म्हणून निघून गेले. भर दुपारी ते कधी मळ्यात जात नसत.

मी टॅब जोडला. कुलूप म्हणण्यासारखं काही नव्हतं. दाराला नुसती कडी लावावी तसं. तासाभरात बाईंचा आवाज बाहेर काढला, ललिताचा आत घातला. मास्तरांनी एकेक चित्र दाबून बघितलं. दुकानात त्या पोरीचा आवाज घुमत राहिला, थोडा भरडा, शब्दाच्या शेवटी उचकल्यासारखा वर जाणारा. रस्त्यानं जाणारी एक डोंगरातली बाई डोक्यावरचा भारा सावरत थांबली आणि आत कोण आपल्यातलं आहे म्हणून डोकावली.

उन्हं कलली तेव्हा आबा परतले. “करं का?” त्यांनी विचारलं.

“केलं.”

ते जिना चढून वर गेले. दुसऱ्या दिवशी खाली आले नाहीत. तिसऱ्याही नाही. जिजी ताक घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, रागावलेत का? “राग नही शे,” जिजी म्हणाल्या. “लिखी ऱ्हायनात. लिखतस, फाडतस, फिरी लिखतस.”

पाचव्या दिवशी ते येऊन बसले आणि मधूनच सुरुवात केली. पण या वेळी वाद माझा नव्हता, त्यांचा स्वतःचाच होता, फार जुना.

कचेरीबाहेर बसायला लागून त्यांना दोन वर्षं झाली होती. डोंगरातला एक माणूस एका व्यापाऱ्याबरोबर आला. बांधावरच्या मोहांचा कागद करायचा होता. व्यापाऱ्यानं सांगितलं तसा आबांनी लिहिला. उन्हाची वेळ, मागं रांग. वाचून दाखवायला हवा होता, दाखवला नाही. त्या माणसाचा अंगठा घेतला. दुसऱ्या वर्षी तो माणूस एकटाच चालत आला आणि त्यांच्या टेबलासमोर उभा राहिला. व्यापाऱ्यानं मोहाची झाडं तोडून नेली होती. त्याला तुटक्या भाषेत एवढंच सांगायचं होतं, की मी फुलांना हो म्हटलं होतं, झाडांना नाही.

“मी त्याले कागद दाखाडा,” आबा म्हणाले. “देख, झाडं लिखेल शेतस. देख, तुन्हा अंगठा. तो बराच येळ अंगठाकडे देखत ऱ्हायना. मंग सोतानाच हातना अंगठाकडे.” ते थांबले. “अंगठा खरा व्हता, पोरी. ‘हो’ खोटं व्हतं. कायदामा ते झाडं गयात ते गयात. पन मन्हं आजलोंग मिटनं नही. तव्हाथीन मी प्रत्येक कागद वाची दाखाडा. म्हनून तुले इचारस, वाचं का, वाचं का. तुले त्रास व्हस, माले माहीत शे.”

बाहेर केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर गेला.

“आते तू जे करं,” ते म्हणाले, “ते मी वाचेल व्हतं. मी वाचीसन, समजीसन, पत्र लिखा म्हनं व्हतं. आन मंग मळामा निंघी गऊ, म्हंजे तू करशी. हाई माले माहीत व्हतं. म्हनून हाऊ गुन्हा तुन्हा नही, मन्हा शे.” त्यांनी खिशातून कागद काढला. प्रोग्रॅम बनवणाऱ्याला पत्र. आपल्या करारातील अमुक कलमाचा भंग माझ्या जागेत, माझ्या माहितीनं झालेला आहे, त्याची संपूर्ण जबाबदारी खाली सही करणाराची असे, कारण पुढीलप्रमाणे. कारणात रमिलाचं नाव होतं, तिचं पोट होतं, आणि तिच्या आईचं दाराकडे बघणं होतं. दस्ताच्या मराठीत लिहिलेलं ते सगळं मी पहिल्यांदाच वाचत होते, आणि मला शेवटची ओळ नीट दिसली नाही.

पत्र टाकून झाल्यावर ते म्हणाले, “चल. ती पोरनाकडे जावानं शे.”

मला वाटलं, रमिलाकडे. आम्ही बसनं धडगावपर्यंत, पुढं जीपनं आणि मग पायी गेलो. आबांनी वाटेत तीनदा बसून घेतलं. खाली तापीकाठची सगळी सपाटी धुरकट, निळसर दिसत होती, आणि आबा तिच्याकडे असे बघत होते जणू ती कुणी तरी वापरायला दिली आहे. पाड्यावर मास्तर वाट बघत होते. रमिला अंगणात टॅब मांडीवर घेऊन बसलेली. तिनं आम्हाला बघितलं आणि एक चित्र दाबलं. ललिताच्या आवाजात काहीतरी ऐकू आलं. “बसा म्हणतेय,” मास्तर म्हणाले.

पण आबांनी विचारलं, “आवाज कोनना शे? ती कोठे शे?”

ललिता लाकडं घेऊन येत होती. आबांनी तिला समोर बसवलं. मास्तर दोन्हीकडचं एकमेकांना सांगू लागले.

“तुन्हा आवाज हया यंत्रमा घाला. तुले कोनी इचारं का?”

ललितानं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी माझ्याकडे. कुणीच विचारलं नव्हतं. मास्तरांनी तिला शब्द वाचायला सांगितले, तिनं वाचले. कशासाठी, किती दिवसांसाठी, नंतर काय, काही नाही. कलम मोडायचं की नाही यावर आम्ही पाच महिने झुरलो होतो, आणि जिचा गळा आम्ही उचलून आणला होता तिला विचारायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

“देस का?” आबांनी विचारलं. “नही म्हन तरी चाली. मी परत काढी टाकाले लावसू.”

ललिता जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसली. खूप वेळ. रमिला तिच्याकडे बघत होती, टॅबवरचं बोटही उचललं होतं तिनं. मग ललिता बोलली आणि मास्तर हसले. “ती म्हणते, देते. कायमचा देते. पण माझ्या आवाजात मलाच शिव्या द्यायच्या नाहीत.”

आबांनी ते गंभीरपणे कागदावर लिहिलं, वाचलं, मास्तरांनी ते पावरीत सांगितलं, ललितानं सही केली. शाई वाळते न वाळते तोच रमिलानं दोन चित्रं लागोपाठ दाबली. ललिता. बकरी.

अंगण हसायला लागलं. रमिलाची आईही हसली, आणि या वेळी तिनं दाराकडे बघितलं नाही. फक्त आबा हसले नाहीत. कागदावरचं कलम पुन्हा वाचून त्यांनी मास्तरांना विचारलं, “तुमनाकडे बकरी म्हननं, हाई शिवीमा जास का?” मास्तर म्हणाले, नाही, लाडात म्हणतात. “मंग भंग नही शे,” आबा म्हणाले आणि कागद ललिताच्या हातात दिला.

रमिला उसाला गेली आणि होळीला धडधाकट परत आली. तिथल्या कोपीवर म्हणे बायका तिच्याभोवती जमायच्या. पडद्यातल्या बोलण्यापेक्षा तिच्या बोटांचा वेग बघायला.

उत्तर होळीनंतर आलं. प्रोग्रॅम बनवणारा माणूस वर्षभर आजारी होता, पत्रं पडून होती. आबांनी लिफाफा उघडला, दोन चष्मे लावले, एकदा वाचलं. मग माझ्याकडे दिलं. त्यानं लिहिलं होतं, की तुम्ही केलंत ते योग्य केलंत, मला तर ते सुचायलाच हवं होतं. त्या कलमाबद्दल मी तुमची माफी मागतो. तो सगळा करार मी दुसऱ्या एका कंपनीच्या करारातून जसाच्या तसा उचलला होता. करार असावा लागतो, एवढंच मला माहीत होतं. तुमचं पत्र आल्यावर मी तो पहिल्यांदा वाचला.

मी हसत सुटले. आबांकडे बघितलं आणि थांबले. त्यांनी एक चष्मा काढला, मग दुसरा, आणि डोळे मिटून बसले. “म्हंजे,” ते म्हणाले, “वाचनारा मी एकलाच व्हतू.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. लग्नाच्या मांडवात सगळे जेवायला गेल्यावर एकटाच उरलेला माणूस जसा बोलेल तसं ते होतं. जिजी जिन्यावरून ऐकत होत्या. त्या खाली आल्या, त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “तं आते तुम्हीच लिखा ना. कोनी तरी वाचीसन लिखाले पाहिजे.”

त्या माणसालाही तेच हवं होतं. तुम्हीच नवा करार लिहून द्याल का, असं पत्राच्या शेवटी त्यानं विचारलं होतं. आबा अख्खा उन्हाळा तेवढंच करत होते. चार पानांचं एक पान झालं. मराठीत, साध्या. प्रोग्रॅम कुणालाही द्या, पण विकू नका. आवाज, चित्रं आपल्या घरासारखी करून घ्या. ज्याचा आवाज घ्याल त्याला आधी विचारा, आणि त्यानं घातलेली अट पाळा. यावर बनवणाऱ्याची काही हरकत नव्हती. हरकत होती ती शेवटच्या ओळीला. आबांनी खाली दोन बटणं मागितली होती, हो आणि नाही, आणि नाही दाबलं तरी प्रोग्रॅम उघडला पाहिजे असं लिहिलं होतं. फक्त का नाही, ते दोन ओळींत कळवायचं.

फोनवर तो माणूस म्हणाला, “मग कराराला अर्थ काय राहिला?”

आबा म्हणाले, “जठे नही म्हनता येस नही, तठे हो म्हनाले काय अर्थ शे?”

शेवटी तो तयार झाला. आवाज बदलून देण्याचं काम मात्र माझ्याकडे आलं. कुठून कुठून लोक आपल्या माणसांचे आवाज पाठवायचे आणि मी ते भरून द्यायचे.

आबा दोन वर्षांनी गेले, एका दुपारी, झोपेतच. बाकडं मी आत घेतलं नाही.

त्यानंतरच्या थंडीत प्रोग्रॅम बनवणाऱ्या माणसानं एक ‘नाही’ माझ्याकडे पाठवलं. लिहिणारे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. मुलगी बत्तीस वर्षांची, बोलत नाही. त्यांनी लिहिलं होतं: नाही. आवाज ज्याचा त्याला विचारा, ही अट मला पाळता येत नाही. मला माझ्या पत्नीचा आवाज घालायचा आहे. ती मागच्या वर्षी गेली. माझ्या फोनवर तिचे काही निरोप राहिले आहेत. मी कुणाला विचारू?

मी ते कागदावर छापून घेतलं. आबांनी काय केलं असतं, मला खरंच कळेना. मग मी वर गेले आणि जिजींना वाचून दाखवलं, सगळं, एकेक शब्द. त्या ऊन अंगावर घेत गच्चीत बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं झोप लागली.

“आंडेरसाठे, लेकीसाठे मागी ऱ्हायनात ना?” त्या म्हणाल्या. “ती माय शे. घाल.”

मी पोस्टमास्तरांना निरोप पाठवायला सांगितले. ते आले. छोटे छोटे, बाजारातून, देवळातून, बहिणीकडून पाठवलेले. मी ते ऐकून शब्द वेगळे करायला बसले. पाणी त्यात कुठंच नव्हतं. भाकर नव्हती, दुखतंय नव्हतं. त्या बाईनं फोनवर असलं काही म्हटलंच नव्हतं. बाकी चित्रं मी त्या बाईच्याच धाकट्या बहिणीच्या आवाजात भरली, तिला विचारून. आईच्या आवाजात तीनच चित्रं झाली: निघाले. थांबा. जेवलात का?

टॅब पोचल्याचं पोस्टमास्तरांनी फोन करून कळवलं. मागं घरात कुणीतरी बोट लावत होतं, पुन्हा पुन्हा, एकाच चित्राला. जेवलात का? जेवलात का?

“हो,” ते फोनवर म्हणाले, मला नव्हे. “आत्ताच जेवलो.”